कंडक्टरने पेपर फोडला

अठ्ठावीस वर्षं बसमध्ये उभ्याने काढलेल्या माणसाला ड्रायव्हरच्या खुर्चीत बसवलं, तरी तो कंडक्टरच राहतो. निवृत्त झाल्यावर हा गडी स्मृतिभ्रंशाच्या केंद्राची गाडी चालवायला लागला, त्याला आता चार वर्षं होत आली. पण केंद्रातले सगळे त्याला कंडक्टरच म्हणतात आणि त्याचं वागणंही तेच. गाडीत अकरा म्हातारी माणसं. तिकीट नाही, बिकीट नाही. तरी हा रोज सकाळी प्रत्येकाच्या दाराशी गाडी उभी करून खाली उतरतो, हात देतो आणि खड्या आवाजात सांगतो, "चला, पुढे सरका, मागे भरपूर जागा आहे!" मागे जागा कसली, एक स्टेपनी आणि घडी केलेली चाकाची खुर्ची. पण ते ऐकलं की आतली माणसं खरंच सरकून बसतात. बायकोचं नाव विसरलेला माणूससुद्धा बसमध्ये सरकून बसायचं विसरत नाही, हे त्याने पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

प्रवासी एकेक नमुनेदार. औषधवाले आजोबा, चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेले, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे असतात आणि चढताना विचारतात, "ही दुकानावरून जाते ना?" कंडक्टर म्हणतो, "अगदी दारावरून!" मग ते समाधानाने बसतात. शिंपीणबाई शेजारच्याची बाही चिमटीत धरून म्हणतात, "इथे अर्धा इंच आत घ्यायला हवं." रोज. शेजारचाही रोज म्हणतो, "घ्या की." एवढ्यावर दोघांचं छान जमतं.

आणि पुढच्या सीटवर, खिडकीशी, ताई.

ताई म्हणजे कंडक्टरची सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ती पंधराची. वडील त्याआधीच गेलेले. अठराव्या वर्षी ताई टेलिफोनच्या कचेरीत लागली, कानाला यंत्र लावून भोकांत दोऱ्या खुपसायच्या कामावर. चारशे नंबर तिला तोंडपाठ होते म्हणे. कोणी नुसतं "दवाखाना" म्हटलं की ही नंबर न बघता जोडून द्यायची. लग्नाचं कोणी काढलं की म्हणायची, "एक पोर आहे माझ्या पदरात, तेवढं पुरे." ते पोर म्हणजे हा. त्याला तिने शिकवलं, कंडक्टरच्या नोकरीचा अर्ज तिनेच लिहिला, गणवेशाची पँट लांब झाली तेव्हा खाली बसून दुमडून दिली. सगळ्या जगात त्याला 'धाकट्या' म्हणणारं ते एकच माणूस.

त्या ताईला जेव्हा डाळीचा डबा आणि साबणाचा डबा यातला फरक कळेनासा झाला, तेव्हा कंडक्टरची नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती. बायको वारलेली, मूलबाळ नाही. करणार काय? तो तिला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून ड्युटीवर जायचा. एकदा संध्याकाळी परत आला तर नळ सुरू, घरभर घोटाभर पाणी, आणि ताई दाराला टेकून पाण्यात बसलेली. सकाळपासून दार ठोठावून ठोठावून तिच्या बोटांची पेरं सुजली होती. त्याला बघून ती ओरडली नाही, रडली नाही. "माफ करा हं," एवढंच म्हणाली, जसं काही चूक तिचीच होती. त्या दिवशी कंडक्टर भिंतीवर डोकं आपटून आपटून रडला. मोठा माणूस रडतो तसा नाही, लहान पोर रडतं तसा.

नंतर कोणीतरी या केंद्राचा पत्ता दिला आणि ताईला जागा मिळाली. गाडीला माणूस हवा होता, तो हा झाला. पगार बेताचा, पण दिवसभर ताई डोळ्यांसमोर, आणि घराचं कुलूप आता दोघं मिळून लावायची. त्याला अजून काय हवं होतं?

केंद्र म्हणजे एक जुना छापखाना. खाली लांबलचक हॉल. यंत्रं जिथे होती तिथे फरशीवर अजून तेलाचे काळे डाग आहेत. एका टेबलावर माती मळायची, दुसऱ्यावर बटणं रंगांप्रमाणे लावायची, मागच्या अंगणात कुंड्या. खालचं सगळं मावशी बघायच्या. अंगाने आडव्या, जिभेने तिखट, आणि म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालताना हात मात्र लोण्यासारखे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, त्यात मेंदूच्या फोटोंची पाकिटं, आणि डॉक्टरबाई.

आता इथे एक गोम आहे, ती समजून घ्या. म्हाताऱ्यांना सांभाळायला कोणी पैसा देत नाही. म्हाताऱ्यांवर संशोधन करायला देतात. डॉक्टरबाई हे ओळखून होत्या. त्यांनी एका मोठ्या निधी मंडळाकडे अर्ज केला, की रोज माती, बागकाम, गाणं, गप्पा असा ठरलेला दिनक्रम ठेवला तर विसरण्याचा वेग कमी होतो का, ते आम्ही तपासतो. मंडळाने तीन वर्षांचा पैसा दिला. आणि दिनक्रम म्हटला की हॉल आला, मावशी आल्या, जेवण आलं, गाडी आली. संशोधनाच्या गाड्याबरोबर सेवेच्या नळ्याचीही यात्रा! बाईंनी यात एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, उलट स्वतःचा पगार निम्मा लावून घेतला होता. पण वरचं काम बंद पडलं तर खालचं दुसऱ्या दिवशी बंद, हे उघड होतं.

तपासायचं कसं? तर दर महिन्याला परीक्षा. डॉक्टरबाई एकेकाला वर बोलावायच्या. आज वार कोणता, तारीख काय, महिना कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत. तीन शब्द सांगायचे, पाच मिनिटांनी परत विचारायचे. शेवटी एक आकृती दाखवून तशीच काढायला सांगायची. एकेकाला जिन्यावरून हाताला धरून वर न्यायचं काम कंडक्टरचं. आत नेऊन बसवलं की तो बाहेर बाकावर बसायचा. मधे प्लायवूडची भिंत, आतलं कुजबुजणंही बाहेर ऐकू यायचं.

पहिलं सव्वा वर्ष त्याने ते मुकाट्याने ऐकलं. एकदा औषधवाले आजोबा बाहेर आले, चार पायऱ्या उतरले आणि कठडा धरून उभेच राहिले. "चाळीस वर्षं मी लोकांना सांगितलं, सोमवारी ही गोळी, गुरुवारी ती गोळी," ते म्हणाले, "आणि मला साधा वार सांगता आला नाही हो." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ताई बाहेर यायची तेव्हा तर पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची, गुंडाळत राहायची, घरी पोचेपर्यंत. चारशे नंबर डोक्यात बाळगलेली बाई ती. आपण कशात तरी नापास झालो आहोत एवढं तिला बरोबर कळायचं. कशात ते कळायचं नाही.

कंडक्टरचं टाळकं फिरलं. नापास होणार हे ठाऊक असलेल्या माणसाला दर महिन्याला परीक्षेला बसवायचं, ही कुठली रीत? डॉक्टरबाईंशी भांडायची त्याची टाप नव्हती. ज्या बाईने ताईला जागा दिली तिच्याशी भांडणार कोण? पण आपल्या गाडीत आपण काय बोलायचं, ते तर आपल्या हातात आहे ना!

झालं. दुसऱ्या दिवसापासून गाडीत पुकारा सुरू झाला. अठ्ठावीस वर्षं शेहेचाळीस थांबे पुकारलेला गळा तो. "आजचा वार मंगळवार! पुढचा थांबा तारीख बारा! बारा तारीखवाले, बोला!" आणि मागून अकरा तोंडं एका सुरात, "बारा!" मग शब्द. डॉक्टरबाईंकडे तीन तीन शब्दांचे चार संच होते आणि ते पाळीपाळीने येतात, हे बाकावर बसून कंडक्टरने कधीच ताडलं होतं. बारा शब्द म्हणजे त्याला किस झाड की पत्ती. ज्या महिन्याचा जो संच, तो थांब्यांसारखा पुकारायचा. "लिंबूऽऽ! लिंबू झालं की किल्लीऽऽ! शेवटचा थांबा खुर्चीऽऽ! उतरून घ्या!" हसत खेळत, टाळ्या वाजवत गाडी चालायची. शिंपीणबाई तर ताल धरून मांडीवर थाप मारायच्या.

परीक्षेच्या दिवशी जिना चढताना हा कानात शेवटची उजळणी करून घ्यायचा. आणि काय सांगू, माणसं पास व्हायला लागली! औषधवाले आजोबा ताठ मानेने बाहेर आले आणि म्हणाले, "सगळं सांगितलं! फटाफट!" ताईच्या पदराला त्या दिवशी सुरकुती पडली नाही. कंडक्टरला वाटलं, आपण आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. दीड वर्ष हे असं चाललं. मंडळाचा पैसा ज्या परीक्षेवर अवलंबून आहे, तिचाच पेपर आपण दर महिन्याला फोडतो आहोत, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच्या लेखी ती रडवणारी परीक्षा होती आणि त्याने तिचं रडवणं बंद केलं होतं, बस.

तीन वर्षं संपायला दोन महिने राहिले तेव्हा डॉक्टरबाईंनी मावशींना आणि कंडक्टरला वर बोलावलं. टेबलावर मोठा कागद, त्यावर दोन रेघा. एक रेघ जिना उतरल्यासारखी खाली जाणारी. "हे केंद्राबाहेरचे, दिनक्रम नसलेले रुग्ण," बाई म्हणाल्या. दुसरी जवळजवळ आडवी. "आणि हे आपले. अकरापैकी नऊ जण दीड वर्ष जागच्या जागी आहेत! वार, तारीख, शब्द, सगळं शाबूत. आकृती काढणं तेवढं ढासळलंय, पण बोलण्यातली आठवण टिकली आहे. मी यावर अख्खा एक निबंध लिहिलाय." बाईंचे डोळे चमकत होते. त्या कधी हसायच्या नाहीत, त्या दिवशी हसत होत्या. "मंडळाची माणसं पुढच्या गुरुवारी येणार. पाच वर्षांचा पैसा मिळतोय आपल्याला. आणि हाच दिनक्रम चाळीस ठिकाणी सुरू करणार आहेत."

मावशींनी टाळी वाजवली. कंडक्टरचीही छाती फुगली, अगदी खरं सांगायचं तर पहिला विचार हाच आला की 'बघा, आपल्या पुकाऱ्याने केवढं काम केलं!' दुसरा विचार यायला अर्धं मिनिट लागलं, की मग ही आडवी रेघ आपणच ओढलेली आहे.

"बाई, हा पैसा... मंडळाकडे असतो तरी किती? सगळ्यांना पुरतो?"

"कुठचा पुरायला! दुसऱ्या एका शहरात एक जण सात वर्षं रक्ताच्या चाचणीवर काम करतोय, आजार दहा वर्षं आधी ओळखता यावा म्हणून. त्याला अजून हाती काही लागलं नाही. मंडळ त्याचं थांबवून इकडे वळवणार आहे. वाईट वाटतं मला त्याचं. पण आपले आकडेच तसे आहेत."

"आणि समजा, आकडे चुकले असले तर?"

बाई हसल्या. "मग दहा वर्षं सगळं जग चुकीच्या बसमध्ये बसून राहील, कंडक्टर!"

त्या आपल्या गमतीने बोलल्या. पण कंडक्टर खाली आला तो थेट गाडीत जाऊन बसला. अठ्ठावीस वर्षांत त्याने कोणाला चुकीच्या बसमध्ये बसू दिलं नव्हतं. चालती बस थांबवून, शिव्या खाऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उतरवून समोरच्या थांब्यावर नेऊन उभं केलं होतं. आणि आता?

मावशींना त्याने सगळं सांगितलं. मावशींनी आधी हॉलचं दार लोटून घेतलं. "हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंड उघडलंत तर पैसा गेला, केंद्र गेलं, माझी अकरा लेकरं गेली. आणि तुमची ताई? परत कुलूप? त्या चाळीस ठिकाणी माती मळून कोणाचं वाईट होणार आहे का? चार माणसं जरा आनंदात राहतील. गप्प बसा!"

बोलणं खोटं नव्हतं. पाच दिवस कंडक्टरने स्वतःलाही तेच समजावलं. गाडीतला पुकारा मात्र बंद झाला. मागून औषधवाले आजोबा ओरडायचे, "अहो, थांबे पुकारा की!" हा समोर बघून गाडी हाकायचा.

मंगळवारी संध्याकाळी तो ताईला भात भरवत होता. ती हल्ली घास तोंडात धरून ठेवायची, गिळायचं विसरायची. गिळ गं, गिळ, म्हणत तो गालावरून बोट फिरवायचा. अर्धा भात झाला आणि ताईने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. फार दिवसांनी असं रोखून पाहिलं होतं तिने.

"तुम्ही फार चांगले आहात," ती म्हणाली. "कोणाचे तुम्ही?"

त्याच्या हातातला घास तसाच राहिला. "ताई, मी धाकटा."

तिने खूप प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. मग तिचा चेहरा एकदम खुलला. उत्तर सापडल्यावर खुलतो ना, तसा.

"लिंबू," ती म्हणाली. "किल्ली. खुर्ची."

आणि शाबासकीची वाट बघत राहिली.

कंडक्टरने तिला शाबासकी दिली. काय करणार? पाठीवर हात फिरवला, उरलेला भात भरवला, तोंड पुसलं, पांघरूण घातलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला, म्हणजे बाहेर आवाज जायला नको. दीड वर्ष आपण हिला रोज काहीतरी शिकवत होतो, घोकून घेत होतो. आपलं नाव एकदाही घोकून घेतलं नाही. परीक्षेत ते विचारत नव्हते ना! आणि आडव्या रेघेवर बसलेली ही ताई कागदावर दीड वर्ष जागच्या जागी आहे. कुठली जागच्या जागी? ती कधीच निघून गेली होती आणि आपणच तिच्या जागी हजेरी देत होतो.

दुसऱ्या दिवशी म्हातारे मातीच्या टेबलापाशी बसल्यावर तो वर गेला आणि उभ्याउभ्याच डॉक्टरबाईंना सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून, काही न वगळता, बारा शब्दांसकट.

डॉक्टरबाईंनी कागदावरच्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू खालच्या रेघेवर आणलं. "आकृत्या," त्या पुटपुटल्या. "तरीच आकृत्या ढासळत होत्या. आकृत्या पुकारता येत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर होतं की हो सगळं." आणि मग त्यांचा बांध फुटला. "तुम्हाला कळतंय काय केलंत तुम्ही? तीन वर्षं! माझी तीन वर्षं! अहो, मला विचारायचं तरी होतंत! रडतात म्हणून सांगायचं होतंत, मी परीक्षा खाली घेतली असती, बागेत घेतली असती, गप्पा मारत घेतली असती!"

"चुकलो, बाई."

"चुकलो म्हणून भागतं का?" त्यांनी तोंड फिरवलं. "जा आता. उद्या गाडी वेळेवर आणा."

त्या काय करणार, ते काही म्हणाल्या नाहीत. ही गोष्ट जगात तीनच माणसांना ठाऊक होती, आणि तिघं गप्प राहिली असती तर बाहेर कोणाला कळलंही नसतं.

गुरुवारी मंडळाची तीन माणसं आली. दोन पुरुष, चांगले कपडे, गोड हसणारे. मातीचे हत्ती हातात घेऊन "वा, वा" म्हणणारे. तिसऱ्या अध्यक्षबाई. सत्तरीच्या, काटकुळ्या, वर गेल्यागेल्या मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, म्हणजे बोला पटापट. डॉक्टरबाईंनी कागद पसरला. एक रेघ दाखवली, दुसरी दाखवली. मग थांबल्या. दारात पाण्याचा ट्रे घेऊन कंडक्टर उभा होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं.

"ही आडवी रेघ खोटी आहे," त्या म्हणाल्या. "कशी, ते हे सांगतील. मी सांगितलं तर ह्यांच्यावर ढकलल्यासारखं होईल."

अहो, दोघांचंही धाडस बघा! ज्या बाईने तीन वर्षं हाडाची काडं केली तिने एका वाक्यात सगळं सोडून दिलं. आणि आमचा हा गडी, ज्याला इन्स्पेक्टर चढला तरी घाम फुटायचा, तो ट्रे खाली ठेवून त्या तिघांसमोर उभा राहिला आणि बोलला. शेवटी म्हणाला, "त्या रक्तवाल्यांचं काम थांबवू नका. शिक्षा करायची ती मला करा."

दोन गोड माणसांपैकी एक जण पुढे झुकला. "पण चाल लावली की लक्षात राहतं, हाच एक शोध नाही का?"

"नाही," डॉक्टरबाई रोखठोक म्हणाल्या. "ते अंगाई म्हणणाऱ्या आईलाही ठाऊक असतं. त्याने आजार थांबत नाही."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आत्ता परीक्षा घ्या. माझे शब्द." कागदावर त्यांनी तीन शब्द लिहिले. बादली, पतंग, मोजा. "दार उघडं ठेवा, मला दिसलं पाहिजे. आणि तुम्ही," त्या कंडक्टरला म्हणाल्या, "तुमच्या नेहमीच्या जागी बसा."

कंडक्टर बाकावर बसला. एकेक जण आत गेला. औषधवाले आजोबा वाराला अडकले, तारखेला अडकले, मग "लिंबू" म्हणाले. शिंपीणबाईंनी अध्यक्षबाईंची बाही धरून अर्धा इंच आत घ्यायला सांगितलं. कोणाला काही आलं नाही.

सगळ्यात शेवटी मावशी ताईला घेऊन आल्या.

"आज वार कोणता?" डॉक्टरबाईंनी विचारलं. अगदी हळू, मायेने विचारलं.

ताईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मान वळवून उघड्या दारातून बाहेर पाहिलं, थेट बाकावर. आणि हसली. "ते सांगतील ना," ती म्हणाली. "त्यांना येतं."

सहा हातांवर तो बसला होता. नुसते ओठ हलवले असते तरी पुरलं असतं. आयुष्यभर त्याचं अडलं तिथे तिथे ही बाई धावून आली होती, आणि आज तिचं एका शब्दावाचून अडलं होतं. कंडक्टरने मांडीवरचे हात घट्ट आवळले आणि आपल्या बुटांकडे बघत बसला. ताई वाट बघत राहिली. मग तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि बोटाला गुंडाळायला लागली.

अध्यक्षबाईंनी घड्याळ उचलून मनगटाला बांधलं. जिना उतरताना, कोणाकडेही न बघता, त्या बोलल्या, "पाच वर्षांचं विसरा. रक्ताचं काम चालू राहील. तुम्हाला एक वर्ष, पुन्हा पहिल्यापासून. शब्द दर महिन्याला बंद पाकिटातून येतील. गाडीत वार, तारीख, काही बोलायचं नाही. आणि कर्मचाऱ्याच्या घरचं माणूस अभ्यासात नको. त्या बाईंचं नाव काढा. खाली येऊन बसू देत, कागदावर नको." मावशींनी त्यांच्या पाठीमागे हात जोडले. मग कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरत बसल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "मेल्या, वाचलास!"

वर्षाने काय होईल, ते वर्षाने कळेल. डॉक्टरबाई आता परीक्षा बागेत घेतात, कुंडीला पाणी घालताघालता, आणि कोणी रडत नाही. रेघ खाली जाते आहे. थोडी सावकाश जाते की तशीच जाते, ते सांगायला अजून वेळ आहे, असं त्या म्हणतात. त्या कंडक्टरशी पूर्वीसारखं बोलायला लागल्या, त्याला मात्र तीन महिने गेले.

गाडी रोज येते. औषधवाले आजोबा मागून विचारतात, "अहो, आज वार कोणता?" आणि ज्याला बोलल्याशिवाय घास गोड लागत नाही असा हा माणूस म्हणतो, "चुकलं हो माझं, विचारून सांगतो!" रोज हेच. त्याचा कसा जीव तुटतो ते त्यालाच ठाऊक. केंद्राच्या दारात तो एकेकाला उतरवतो, मावशी त्यांना आत नेतात. शेवटी गाडीत एकटी ताई उरते.

ताईचं नाव आता कुठल्या कागदावर नाही. तिला काहीही सांगायला मोकळीक आहे.

मग तो पुढचं दार उघडतो, पायरीवर गुडघा टेकतो आणि तिचे दोन्ही हात हातात घेतो. "ताई, आज गुरुवार. आणि मी धाकटा. तुझा भाऊ. तू मला वाढवलंस."

ताई सगळं लक्ष देऊन ऐकते. "हो का?" म्हणते. "बरं झालं सांगितलंत." त्याच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश खाली उतरते, दोन पावलं जाते आणि मागे वळून म्हणते, "उद्या पुन्हा सांगा हं."

"सांगेन की," कंडक्टर म्हणतो.